हृदय चालू ठेवून बायपास: बाबांना काय सांगायचं आणि सर्जनला काय विचारायचं

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही इचलकरंजीचे. बाबा ६८ वर्षांचे, डायबेटिस जुना. चालताना छाती भरून यायला लागली म्हणून अँजिओग्राफी केली, तर तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा आकडा, १.६ आहे. कोल्हापूरचे सर्जन म्हणतात, "बीटिंग हार्ट करू, हृदय बंद करायची गरज नाही." पुण्याचे सर्जन म्हणतात, "मी मशीनवर घेऊन, हृदय थांबवूनच करतो, माझ्या हाताला तेच बरं पडतं." घरात आता दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो, थांबवलेलं हृदय परत चालूच झालं नाही तर? बाबांनी आयुष्यभर यंत्रमागावर जॉबरचं काम केलं. ते म्हणतात, "चालू मागात हात घालणाऱ्या जॉबरची बोटं मोजून बघ." शिवाय हृदय चालू म्हणजे आपणही जागेच असणार, अशी त्यांना धास्ती आहे. कोल्हापूरच्या एस्टिमेटमध्ये 'स्टॅबिलायझर' अशी वेगळी ओळ आहे. आईनं मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, त्यात ते यंत्र हृदयाला चोषून धरत होतं. त्यानं हृदयाला इजा नाही का होत? आम्ही कुठे जावं?

– एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर

सगळ्यात आधी बाबांची धास्ती काढून टाका, कारण ती आजच्या आज निघू शकते. हृदय चालू असलं तरी माणूस पूर्ण भुलीत असतो. घशात नळी, व्हेंटिलेटरवर श्वास, डोळ्यांवर पट्ट्या. छाती उघडलेली त्यांना कळणार नाही, आठवणारही नाही. 'बीटिंग हार्ट' ऐकून जागं राहण्याची भीती घेऊन आलेले पेशंट मी नोकरीभर पाहिले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूल देणारी डॉक्टर म्हणून मी खोलीत गेले की निम्मा वेळ यातच जायचा. त्याच्या जोडीला आणखी एक गैरसमज असतो, तोही आत्ताच सांगते. बीटिंग हार्ट म्हणजे छोटा छेद नव्हे. तिन्ही रक्तवाहिन्यांचं काम असेल तर बहुतेक वेळा छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत कापावंच लागतं, हृदय थांबवा नाहीतर चालू ठेवा. डाव्या बरगड्यांमधून लहान छेद घेऊन करतात ते ऑपरेशन वेगळं, आणि ते सगळ्यांना लागू पडत नाही.

आता बाबांचा मुद्दा. जॉबर म्हणून ते बरोबरच बोलतायत. माग दुरुस्त करायचा तर पट्टा उतरवायचा, माग थांबवायचा, मग हात घालायचा. पण माग थांबला तर फक्त कापड थांबतं. हृदय थांबलं तर चार-पाच मिनिटांत मेंदूचं नुकसान सुरू होतं. त्यामुळे ते थांबवायचं तर त्याचं काम करणारं दुसरं काहीतरी आधी जोडावं लागतं. ते म्हणजे हार्ट-लंग मशीन. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबननी ६ मे १९५३ ला त्यावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. हृदयात येणारं अशुद्ध रक्त नळीनं बाहेर काढायचं, रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरमधून फिरवायचं आणि पंपानं महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, परत ढकलायचं. मग महाधमनीला चिमटा लावून हृदयात पोटॅशियम असलेलं औषध सोडतात. हृदय थांबतं, मऊ पडतं. सर्जनसमोर न हलणारं, रक्त न येणारं क्षेत्र असतं. पुण्याच्या डॉक्टरांना हेच हवंय, आणि ते मागण्यात काहीच कमीपणा नाही.

भावाला सांगा, चिमटा काढला की रक्त आत शिरतं, पोटॅशियम धुऊन निघतं आणि हृदय बहुतेक वेळा आपलं आपण ठोके द्यायला लागतं. नाहीच दिले तर एक छोटा विजेचा झटका देतात. त्याला वाटतं तिथे खरा धोका नाही. मशीनची किंमत वेगळ्याच ठिकाणी मोजावी लागते. सगळं रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, त्यामुळे अंगात दाह उठतो. रक्त पातळ होतं, गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडांवर ताण येतो. आणि महाधमनीला नळी घालताना, चिमटा लावताना तिच्या आतल्या भिंतीवर जुना चुन्याचा थर असेल तर त्याचा कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. मला भीती वाटायची ती या शेवटच्या गोष्टीची.

म्हणून काही सर्जन पहिल्यापासून मशीनशिवाय करायला बघत होते. लेनिनग्राडच्या वासिली कोलेसोव यांनी फेब्रुवारी १९६४ मध्येच धडधडत्या हृदयावर छातीच्या आतली मॅमरी धमनी हृदयाच्या रक्तवाहिनीला टाक्यांनी जोडली होती. पुढे मशीन सुधारलं आणि जवळजवळ सगळं जग हृदय थांबवून काम करायला लागलं. १९८० च्या दशकात अर्जेंटिनात बेनेट्टी आणि ब्राझीलमध्ये बुफोलो यांनी चालू हृदयाची पद्धत धरून ठेवली. तिथे मशीनचा खर्च हेही त्यामागचं एक कारण होतं, जे आपल्याला समजायला अवघड नाही. पण तेव्हा हृदय धरायचे कशानं? आजूबाजूला टाके घालून ताणायचे, असिस्टंट दोन बोटांनी किंवा चिमट्यानं दाबून धरायचा, आणि ठोके मंद करायला औषध द्यायचे. त्यामुळे पुढची रक्तवाहिनी जमायची. मागच्या बाजूला हात घालायची हिंमत फार थोड्यांची.

तुमच्या एस्टिमेटमधली ती ओळ इथे येते. १९९० च्या दशकाच्या मध्यावर दोन तऱ्हेची साधनं निघाली. एका तऱ्हेत दोन बोटांचा काटा रक्तवाहिनीच्या दोन्ही बाजूंना वरून हलकेच दाबून धरतो. दुसरी तऱ्हा नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला कॉर्नेलियस बोर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांवर प्रयोग करून तयार केली. तिचं नाव ऑक्टोपस, आणि आईनं व्हिडिओत पाहिलं ते याच जातीचं असणार. छातीचं हाड फाकवून धरणाऱ्या रिट्रॅक्टरच्या कडेवर त्याचा हात बसवतात. हा हात म्हणजे आतून तार ओवलेल्या गोट्यांची साखळी. हवा तसा वाकवायचा आणि टोकाची चावी पिळली की तार ताणली जाऊन तो जागच्या जागी कडक होतो. हाताच्या टोकाला दोन पट्ट्या, प्रत्येकीच्या पोटाला ओळीनं छोटे सकर, म्हणजे चोषून धरणाऱ्या वाट्या. दोन पट्ट्यांच्या मधोमध सर्जनला हवी ती रक्तवाहिनी येईल अशा त्या टेकवतात आणि व्हॅक्यूम लावतात, पाऱ्याच्या साधारण ४०० मिलिमीटरचा. पट्ट्या दाबत नाहीत, हृदयाचा वरचा थर पकडतात आणि किंचित फाकवतात. त्यामुळे खालचं हृदय भरतं, आकुंचन पावतं, रक्त ढकलत राहतं. फक्त त्या दोन पट्ट्यांमधली नखाएवढी जागा थांबल्यासारखी होते.

'थांबल्यासारखी' म्हणाले, कारण ती पूर्ण थांबत नाही. पडद्यावर नीट पाहिलं तर बारीक थरथर दिसते. पण सर्जन डोळ्यांवर भिंगं लावून दीड-दोन मिलिमीटरच्या नळीला केसाच्या जाडीच्या धाग्यानं टाके घालतो, आणि त्या थरथरीचा ताल एकदा हाताला कळला की सुई त्यात बसते. हात बसलेला नसेल तर बसत नाही. सगळी मेख इथे आहे, तिच्याकडे मी परत येते.

चोषल्यानं इजा होते का? पट्ट्या काढल्यावर जागेवर गोल लालसर ठिपके दिसतात. ते वरच्या थरातले असतात आणि भरून येतात. व्हॅक्यूम रक्तवाहिनीवर नसतो, तिच्या दोन बाजूंना असतो. त्याची चिंता करू नका. काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे आणि ती व्हिडिओत दिसत नाही, कारण कॅमेरा हृदयाकडे असतो, मॉनिटरकडे नाही.

हृदयाची पुढची रक्तवाहिनी समोरच असते. पण मागच्या आणि खालच्या रक्तवाहिन्यांसाठी हृदय उचलून, त्याचं टोक छताकडे करून धरावं लागतं. त्यासाठी दुसरं साधन, पोझिशनर: टोकाला बसणारा सिलिकॉनचा सकर. स्टारफिश, अर्चिन, एक्सपोज अशी त्यांची नावं. (ही साधनं बनवणाऱ्यांना समुद्राचं एवढं काय वेड होतं कोण जाणे.) काही सर्जन त्याऐवजी हृदयाच्या आवरणाच्या मागच्या भागात खोल टाके घालून ते ओढून घेतात. टेबल डोक्याकडून खाली करतात, उजवीकडे कलतं करतात. हृदय हळूहळू वर येतं आणि माझ्या बाजूला, भुलीच्या बाजूला, ब्लडप्रेशरची रेघ खाली यायला लागते. उजवा कप्पा पातळ भिंतीचा असतो. हृदय मुडपलं की तो आधी चेपतो, डाव्या बाजूला रक्त कमी पोचतं. ११० चं ९० होतं, ८० होतं. सर्जन मान वर न करता विचारतो, "किती?" मी सांगते, "सत्तर." पुढचा शब्द "सोडा" हाच असायला हवा. हृदय खाली ठेवायचं. दोन मिनिटं कोणी काही करायचं नाही. रेघ वर आली की कोन थोडा बदलून, औषधाचा थेंब वाढवून पुन्हा उचलायचं. कधी दुसऱ्या वेळी जमतं, कधी चौथ्या. चांगल्या टीममध्ये या "सोडा"चा कुणाला राग येत नाही, घड्याळाकडे कुणी बघत नाही. ऑपरेशन सुखरूप होण्यामागे स्टॅबिलायझरचा जेवढा वाटा असतो तेवढाच या दोन मिनिटांच्या धीराचा असतो.

टाके घालताना ती रक्तवाहिनी उघडी असते, तेव्हा तिच्यापुढच्या स्नायूला रक्त कोण देणार? त्यासाठी उघडलेल्या जागेत एक बारीक सिलिकॉनची नळी सरकवतात, शंट. तिच्यातून रक्त पुढे जात राहतं आणि शेवटचा टाका आवळायच्या आधी ती काढून घेतात. नजरेच्या आड येणारं रक्त उडवायला कार्बन डायऑक्साइड आणि सलाइनचा बारीक फवारा मारतात. उजवी रक्तवाहिनी दाबली गेली तर ठोके अचानक मंद होऊ शकतात, म्हणून पेसिंगची, म्हणजे विजेनं ठोके चालू ठेवणारी, तार तयार ठेवतात. हे सगळं मिळून 'बीटिंग हार्ट'. एस्टिमेटमध्ये मात्र एका साधनाचंच नाव छापून येतं.

आता तुमचा मूळ प्रश्न: चांगलं कुठलं? यावर भांडून झालंय आणि मोजूनही झालंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या १८ रुग्णालयांत २२०३ पेशंटवर 'रूबी' नावाची चाचणी झाली. पहिले निकाल २००९ साली आले. चालू हृदयाच्या गटात वर्षभरानं उघडे राहिलेले ग्राफ्ट, म्हणजे ब्लॉकच्या पुढे रक्त पोचवायला जोडलेल्या रक्तवाहिन्या, कमी निघाले, सुमारे ८३ टक्के, थांबवलेल्या हृदयाच्या गटात सुमारे ८८. पाच वर्षांनी मृत्यूही चालू हृदयाच्या गटात जास्त: १५.२ टक्के विरुद्ध ११.९. हे वाचून कोणीही पुण्याची गाडी पकडेल. पण दुसरी चाचणी बघा. 'कोरोनरी' चाचणीत १९ देशांतले ४७५२ पेशंट होते, भारतातली रुग्णालयंही होती. पाच वर्षांनी मृत्यू, पक्षाघात, हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं आणि पुन्हा प्रक्रिया करावी लागणं, हे सगळं एकत्र धरलं तर एका गटात २३.१ टक्के, दुसऱ्यात २३.६. म्हणजे फरक नाहीच. जर्मनीत ७५ च्या पुढच्या पेशंटवर झालेल्या चाचणीतही वर्षभरात ठळक फरक दिसला नाही.

मग रूबीत तसं आणि कोरोनरीत असं का? बरीच कारणं सांगतात. मला पटतं ते एक. रूबीत भाग घ्यायला सर्जननं अशी २० पेक्षा जास्त ऑपरेशनं केलेली असली तरी चालायचं. कोरोनरीत अट १०० पेक्षा जास्तची होती. रूबीत दर आठातला एक पेशंट मध्येच चालू हृदयावरून मशीनवर घ्यावा लागला. स्टॅबिलायझर दोन्हीकडे होते. हात वेगळे होते. हीच ती मेख. अमेरिका-युरोपात बहुतेक बायपास मशीनवर होतात, आपल्याकडे मात्र चालू हृदयावर करणारे सर्जन भरपूर आहेत आणि कित्येकांचं शिक्षणच त्यात झालंय. त्यामुळे परदेशातला आकडा उचलून कोल्हापूरच्या सर्जनवर चिकटवू नका, आणि कोल्हापूरच्या जाहिरातीतला 'बीटिंग हार्ट' शब्द उचलून पुण्याच्या सर्जनला मागासलेलाही ठरवू नका. "माझ्या हाताला तेच बरं पडतं" असं पेशंटच्या नातेवाइकांना सरळ सांगणारा सर्जन मला तरी विश्वासाचा वाटतो.

बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी तराजू थोडा कलवतात. एक, क्रिएटिनिन १.६. कोरोनरी चाचणीत चालू हृदयाच्या गटात पहिल्या महिन्यात मूत्रपिंडाला बसणारा धक्का कमी दिसला, रक्तही कमी चढवावं लागलं, रक्तस्रावासाठी पुन्हा छाती उघडायची वेळ कमी आली. पण डायलिसिस लागण्यात फरक नव्हता आणि वर्षानंतर दोन्ही गटांच्या किडन्या सारख्याच होत्या. म्हणजे फायदा आहे, पण लहान आणि सुरुवातीचा. त्याच चाचणीत चालू हृदयाच्या गटात लवकर पुन्हा प्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण थोडं जास्त होतं, हेही जमेच्या समोरच्या बाजूला लिहा. दुसरी गोष्ट महाधमनी. डायबेटिस जुना, वय ६८, आणि तुम्ही लिहिलं नसलं तरी इचलकरंजीचा जॉबर म्हणजे मी तंबाखू धरून चालते. महाधमनीत चुना साठलेला असेल तर मात्र चालू हृदयाचा पक्ष खरोखर जड होतो, कारण तिला हात न लावता, मॅमरी धमन्यांवरच सगळं काम बांधता येतं. हे दोन्ही सर्जनना विचारा: महाधमनी कशी आहे, एक्स-रे वर चुना दिसतोय का, सीटी करायला हवा का? या उत्तरानं निर्णय बदलू शकतो. भावाच्या भीतीनं बदलायला नको.

कोल्हापूरच्या सर्जनना भेटाल तेव्हा विचारायचं ते असं. तुम्ही महिन्याला किती बायपास करता आणि त्यातल्या किती चालू हृदयावर? बाबांच्या मागच्या बाजूच्या रक्तवाहिन्या अँजिओग्राफीत कशा आहेत, आणि तिथे चालू हृदयावर पोचता येईल ना? हा प्रश्न सोडू नका. पुढची रक्तवाहिनी करून मागची 'फार बारीक होती' म्हणून सोडून देणं हा या पद्धतीतला जुना दोष आहे. तिन्ही ब्लॉक असलेल्या डायबेटिसच्या पेशंटला बायपास सांगतात तो सगळीकडे रक्त पोचावं म्हणून, एकाच ठिकाणी नव्हे. ठरवलेल्या ग्राफ्टपैकी किती झाले ते ऑपरेशननंतर सांगाल ना, असं आत्ताच विचारून ठेवा. मग विचारा, ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन आणि ते चालवणारा परफ्युजनिस्ट त्याच खोलीत असेल ना? आणि मध्येच मशीनवर घ्यावं लागलं तर? या शेवटच्या प्रश्नाला "तशी वेळच येत नाही" असं उत्तर आलं तर मला आवडणार नाही. "गरज वाटली तर लगेच घेऊ" हे उत्तर हवं. प्रेशर कोसळून हृदय थांबायला आलं असताना घाईनं मशीनवर घेणं ही या पद्धतीतली सगळ्यात वाईट वेळ. दहा मिनिटं आधी शांतपणे घेतलेला तोच निर्णय पेशंटला सहसा त्रास देत नाही. मशीन लावून पण हृदय न थांबवता काम करण्याचा मधला मार्गही आहे, आणि कमजोर हृदयात तो कामी येतो.

पुण्याच्या सर्जनना विचारायचे प्रश्न कमी आहेत: किडनीसाठी मशीनवर काय काळजी घेणार, आणि महाधमनीत चुना निघाला तर पर्यायी बेत काय.

खर्चाची ओळ. स्टॅबिलायझरच्या काही जाती एकदाच वापरायच्या असतात, काहींचा धातूचा भाग निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो. एस्टिमेट देणाऱ्या काउंटरवर नाही, सर्जनच्या सेक्रेटरीकडे विचारा: हे साधन नवीन पाकिटातलं आहे का, कंपनी कुठली, आणि मशीनवर घ्यावंच लागलं तर ऑक्सिजनेटरचे पैसे वर पडणार का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर भांडतात. बिलावर साधनाचं स्टिकर लावून मागायला लाजू नका, स्टेंटचं लावतात तसंच. तुमचं रेशनकार्ड महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत असेल तर बायपास त्यात येतो आणि ती योजना कॅशलेस आहे. तिथे स्टॅबिलायझरचे वेगळे पैसे मागितले तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा.

मला विचाराल तर, कोल्हापूरचे सर्जन रोजचंच चालू हृदयाचं काम करणारे असतील, मागच्या रक्तवाहिनीचं उत्तर सरळ देत असतील आणि मशीनवर जायची लाज बाळगत नसतील, तर मी बाबांना तिथेच नेईन. घराजवळ आहे, किडनीला थोडा फायदा आहे, आणि टाके काढायला, पुढच्या तपासण्यांना दर वेळी पुण्याला जायची पायपीट नाही. यातलं एक उत्तर जरी अडखळलं, तर पुणे. आणि महाधमनीत चुना निघाला तर दोघांनाही पुन्हा भेटा, कारण मग प्रश्नच वेगळा झाला.

तारीख ठरेपर्यंतच्या दोन गोष्टी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांपैकी कुठली किती दिवस आधी बंद करायची ते सर्जन सांगतील, शेजारच्यांचं ऐकून एकही बंद करू नका. आणि तंबाखू. ती डबी बाबांच्या हातातून आजच काढून घ्या, रागावले तरी चालेल. मेडिकलच्या दुकानात तीन चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं साधन मिळतं, ते आत्ताच आणा. बसल्या बसल्या दर तासाला दहा वेळा, श्वास आत ओढून चेंडू वर धरायचे. छातीचं हाड कापल्यावर तेच करायला आयसीयूतली सिस्टर त्यांच्या मागे लागणार आहे, आणि ज्यांना आधीपासून सवय असते त्यांचं व्हेंटिलेटरनंतरचं खोकणं फार सोपं जातं. छातीत पुन्हा भरून आलं, घाम सुटला, बसल्या जागी दुखायला लागलं, तर मात्र कोल्हापूर की पुणे हा विचार बाजूला ठेवून जवळच्या आयसीयूत न्या.